मीठ कमी करावे ते पानात, बरणीत नव्हे

चैत्र सरत आला की मंडईत कैऱ्यांचे ढीग लागतात आणि माळ्यावरच्या चिनी मातीच्या बरण्या खाली उतरतात. शहरांतील घरे लहान झाली, गच्चीची जागा जाळी लावलेल्या गॅलरीने घेतली आणि वर्षभराच्या बेगमीचे रूपांतर दोन-चार किलोंच्या साठवणीत झाले. तरी घरचे लोणचे, साखरांबा, कोकमाचे आगळ आणि हिवाळ्यातला मटार यांचा मोह सुटलेला नाही. मात्र अलीकडे पावसाळा सुरू झाला, की अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. आजीच्या रीतीने घातलेल्या लोणच्याला यंदा बुरा आला, साखरांब्याला फेस आला.

रीत आजीचीच असते. बदललेले असते ते प्रमाण. रक्तदाबाच्या धाकाने मीठ अर्धे होते, मधुमेहाच्या चिंतेने साखर पाऊण होते आणि कोलेस्टेरॉलच्या भीतीने तेलाला कात्री लागते. हे धाक अनाठायी नाहीत. परंतु साठवणीच्या पदार्थांत मीठ, साखर आणि आंबटपणा हे केवळ चवीचे घटक नसतात, ते पदार्थाचे राखणदार असतात. राखणदार कमी केले, तर त्यांच्या जागी दुसरी व्यवस्था उभी करावी लागते. कोणता घटक काय काम करतो हे कळले, की काय बदलता येते आणि काय नाही, याचा उलगडा होतो.

फळ नासते म्हणजे काय?

झाडावरून उतरविल्यानंतरही फळ जिवंत असते. त्यातील एन्झाइमे आपले काम चालू ठेवतात आणि फळ पिकून मऊ पडते. चिरल्यावर हवेतील प्राणवायूमुळे ते काळे पडते. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे जिवाणू, यीस्ट आणि बुरशी. त्यांना वाढण्यासाठी पाणी हवे असते आणि ताज्या फळांत ते ८० ते ९० टक्के असते.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. पदार्थात पाणी किती आहे, यापेक्षा त्यातील किती पाणी सूक्ष्मजंतूंना वापरता येते, यावर टिकाऊपणा ठरतो. मीठ आणि साखर पाण्याला बांधून ठेवतात. शास्त्रज्ञ ही उपलब्धता ० ते १ या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचे माप १ असते. ते ०.९१ च्या खाली आले की नासविणारे बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, तर ०.८० च्या खाली बहुतेक बुरशाही थांबतात. म्हणूनच पातळ पाकातला साखरांबा पाण्याने भरलेला दिसत असूनही टिकतो, आणि नीट न वाळलेला सांडगा कोरडा भासत असूनही बुरसतो.

दुसरा राखणदार आंबटपणा. आम्लता मोजण्याच्या पीएच मापात आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट. ४.६ ही त्यातील लक्ष्मणरेषा मानली जाते. कैरी, लिंबू, आवळा, कोकम, चिंच ही सारी या रेषेच्या बरीच खाली आहेत. मराठी घरांतील साठवणीचे पदार्थ नेमके याच फळांचे असावेत, हा निव्वळ योगायोग नाही.

अन्न उकळून हवाबंद करण्याची पद्धत फ्रान्सच्या निकोला अपेर यांनी १८१० मध्ये ग्रंथरूपाने मांडली. ती का यशस्वी होते याचा उलगडा लुई पाश्चर यांच्या संशोधनातून झाला, तो अर्धशतकानंतर. कारण कळण्याआधी रीत सापडते, असा साठवणीच्या कलेचा सर्वत्रच इतिहास आहे.

लोणचे : खाराची मात्रा

लोणच्यासाठी बाठ धरलेली, कडक आणि आंबट कैरी घ्यावी. कैऱ्या धुऊन, पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात आणि मगच फोडाव्यात. एक किलो फोडींना साधारणपणे २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ५० ते ७५ ग्रॅम लाल तिखट, दोन मोठे चमचे हळद, मोठा चमचाभर तळून कुटलेली मेथी, दोन लहान चमचे हिंग आणि पाव लीटर तेल असे प्रमाण घरोघरी थोड्याफार फरकाने आढळते. तेलाची फोडणी पूर्ण थंड झाल्यावरच ओतावी. गरम तेलाने फोडी मऊ पडतात आणि बरणीत वाफ धरते.

फोडींना मीठ लागले की त्यांतील पाणी बाहेर येते. यालाच खार सुटणे म्हणतात. हळूहळू मीठ फोडीच्या आत शिरते आणि लोणचे मुरते. किलोभर कैरीत साधारण ८५० ते ८७० ग्रॅम पाणी असते. त्यात २०० ग्रॅम मीठ विरघळले, तर खाराची तीव्रता १८ ते १९ टक्क्यांवर जाते. एवढ्या खाऱ्या आणि आंबट पाण्यात फारच थोडे सूक्ष्मजंतू तग धरतात. हेच मीठ निम्मे केले तर तीव्रता जेमतेम १० टक्क्यांवर येते. तेथे यीस्ट आणि बुरशी सुखाने नांदू शकतात. मोसमी दमट हवेची त्यांना साथ मिळते आणि जूनअखेर बरणीचे तोंड पांढरे दिसू लागते.

तेलाविषयी मोठा गैरसमज आहे. तेल जंतू मारत नाही, ते फक्त हवा अडविते. बुरशीला हवा लागते, म्हणून फोडी तेलाखाली बुडालेल्या असाव्यात. खरा राखणदार मात्र मीठ आणि आंबटपणाच. उपवासाला चालणारे लिंबाचे लोणचे तेलाच्या थेंबाविना वर्षानुवर्षे टिकते, ते याचमुळे. मोहरीच्या झणक्यातील द्रव्येही जंतूंची वाढ रोखण्यास हातभार लावतात.

मग ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांनी काय करावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. वरील प्रमाणाच्या लोणच्यात वजनाच्या सुमारे १२ टक्के मीठ असते. म्हणजे १० ग्रॅमच्या एका फोडीतून सव्वा ग्रॅमच्या आसपास, दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ चौथा हिस्सा पोटात जातो. यावरचा तोडगा पंगतीच्या रीतीतच आहे. लोणच्याचे स्थान पानाच्या डाव्या बाजूला, मिठालिंबाच्या शेजारी आणि तेही चवीपुरते. ते भाजीसारखे वाटीभर घेण्याचा पदार्थ नव्हे. मीठ कमी करावे ते पानात, बरणीत नव्हे. ज्यांना कमी मिठाचेच हवे, त्यांनी ते थोडे घालावे, पहिल्या दिवसापासून फ्रीजमध्ये ठेवावे आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावे. मेथांबा आणि तक्कू हे अशा तात्पुरत्या प्रकारांपैकीच आहेत.

साखरांबा, मोरावळा आणि जॅम

साखरेचा हिशेबही खारासारखाच. जॅमसाठी विरघळलेल्या घटकांचे, म्हणजे प्रामुख्याने साखरेचे, प्रमाण किमान ६५ टक्के असावे असा दंडक भारतीय अन्न कायद्यात आहे. घरच्या साखरांब्यालाही तोच आकडा डोळ्यांपुढे ठेवता येतो. कैरीच्या किसाला वजनाच्या दीडपट ते दुप्पट साखर घालण्याची पद्धत केवळ आंबटपणा झाकण्यासाठी नाही.

पाक हा यातील कळीचा मुद्दा. तो कच्चा राहिला तर साखरांबा पातळ होऊन आंबतो. फार पुढे गेला तर बरणीच्या तळाशी साखर बसते. पाकात थोडा लिंबाचा रस पिळला, की साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो आणि पुन्हा खडे धरण्याची प्रवृत्ती कमी होते. कैरीत हा आंबटपणा मुळातच असतो. गुळात साखरेपेक्षा ओलावा अधिक असल्याने गुळांबा थोडा अधिक आटवावा लागतो.

मोरावळ्यासाठी आवळे काट्याने टोचण्यामागे हेतू आहे. आवळ्याची साल पाकाला सहज आत येऊ देत नाही. टोचलेला आवळा पाक शोषतो, न टोचलेला आक्रसून टणक होतो. काही घरांत आवळे चुन्याच्या निवळीत भिजवितात. चुन्यातील कॅल्शियम फळातील पेक्टिनशी बांधले जाते आणि आवळा शिजूनही घट्ट राहतो. त्यानंतर आवळे अनेक पाण्यांनी धुणे आवश्यक आहे. ताजे आवळे एकदम घट्ट पाकात टाकू नयेत. आधी पातळ पाकात ठेवून दररोज तो थोडा आटवावा, म्हणजे आवळे सुरकुतत नाहीत.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात मुंबई-पुण्यात मुबलक येते. तिच्यात पेक्टिन कमी असल्याने जॅम लवकर घट्ट होत नाही. लिंबाचा रस किंवा सफरचंदाचा थोडा कीस घातल्यास काम होते. याउलट पेरूत पेक्टिन भरपूर, म्हणून पेरूची जेली सुरेख जमते. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा तापमान साडेचार अंश वर गेले की जॅम तयार समजावा. मुंबईत हा आकडा १०४ ते १०५ अंश सेल्सिअस येतो, उंचावरच्या पुण्यात सुमारे दोन अंश कमी. थर्मामीटर नसल्यास थंड बशीवर थेंब टाकून पाहावा. बोटाने ढकलल्यावर त्याला सुरकुती पडली, की गॅस बंद करावा.

कृत्रिम गोडी वापरून 'शुगर-फ्री' मोरंबा करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही द्रव्ये अगदी अल्प प्रमाणात गोडी देतात, पण साखरेसारखे पाणी बांधून ठेवत नाहीत. असा पदार्थ मोरंबा दिसला तरी टिकण्याच्या दृष्टीने तो शिजविलेले फळच असतो. तो फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवावा.

उन्हाची शेगडी

कोकणात साठवणीचा सर्वांत जुना आधार ऊन हाच आहे. आमसुले करताना रातांब्याची साले मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवून उन्हात वाळवितात, पुन्हा बुडवितात, पुन्हा वाळवितात. प्रत्येक फेरीत सालीतील पाणी घटते आणि मीठ व आम्ल वाढते. ऊन, मीठ आणि आंबटपणा असे तिन्ही राखणदार एकाच पदार्थात एकवटल्याने आमसूल वर्ष-दोन वर्षे सहज राहते. आंबापोळीसाठी आटवलेला किंवा साखर घातलेला रस तूप लावलेल्या ताटात पातळ पसरावा आणि पहिला थर वाळल्यावरच दुसरा द्यावा. जाड थर वरून वाळतो, आतून आंबतो. फणसपोळी, कोहळ्याचे सांडगे, ताकातल्या मिरच्या, आंबोशी आणि आवळा सुपारी यांनाही हाच नियम लागू पडतो.

शहरात सलग आठ-दहा तासांचे ऊन दुर्मीळ. पदार्थ पातळ चिरावा, सुती कापडाने किंवा जाळीने झाकावा आणि ऊन उतरताच घरात घ्यावा, कारण रात्रीचा दमटपणा दिवसभराचे काम वाया घालवितो. ओव्हनमध्ये वाळविताना उष्णता ५५ ते ६५ अंशांच्या आसपास ठेवून दार किंचित उघडे ठेवावे, म्हणजे वाफ बाहेर जाते. वाळलेला पदार्थ पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावा. गरम भरल्यास झाकणाखाली पाणी सुटते.

सरबते आणि संरक्षक द्रव्ये

कोकमाचे आगळ मिठावर टिकते, अमृत कोकम साखरेवर. कैरीच्या पन्ह्याचा गर मात्र कमी साखरेत केला जात असल्याने तो फ्रीजमध्येच ठेवावा. वर्षभरासाठी स्क्वॅश करणारे काही जण पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, अर्थात 'केएमएस' वापरतात. तयार स्क्वॅशच्या एका किलोला सुमारे अर्धा ग्रॅम एवढी त्याची मात्रा. ती अंदाजाने चिमटीत घेऊ नये, छोट्या वजनकाट्यावर तोलून, थोड्या पाण्यात विरघळवून घालावी. यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड फळांचा लाल-जांभळा रंग उडवितो. म्हणून जांभूळ, स्ट्रॉबेरी, डाळिंब आणि कोकम यांसाठी सोडियम बेंझोएट वापरतात. दम्याचा विकार असलेल्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, तेव्हा अशा घरांत ते टाळावे.

फ्रीझर : नवी बरणी

मीठ आणि साखर वाढविल्याशिवाय फळे-भाज्या टिकवायच्या असतील, तर शहरी स्वयंपाकघरातील खरा उपाय फ्रीझर हाच आहे. उणे १८ अंशांवर सूक्ष्मजंतूंची वाढ थांबते. मात्र ते मरत नाहीत. पदार्थ वितळला, की ते पुन्हा कामाला लागतात. म्हणून एकदा वितळलेला पदार्थ पुन्हा गोठवू नये. एकदारी फ्रीजमधील लहान बर्फकप्पा सहसा एवढा थंड होत नाही. त्यात महिना-दीड महिन्यापुरतेच साठवावे.

मटाराचे दाणे थेट गोठविले तर दोन-तीन महिन्यांत त्यांचा रंग मळतो आणि गवतासारखी चव येते. एन्झाइमे थंडीतही संथपणे काम करीत राहतात, हे त्याचे कारण. दाणे खळखळत्या पाण्यात दीड ते दोन मिनिटे टाकावेत, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करावेत आणि कापडावर कोरडे करावेत. ताटात एका थरात गोठवून मग पिशवीत भरले, तर गोळा होत नाही. आमरस, जांभळाचा गर आणि टोमॅटोची प्युरी लहान डब्यांत भरावी. गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते, म्हणून वर बोटभर जागा सोडावी.

टोमॅटोचे उदाहरण साठवणीचे मोल सांगणारे आहे. जुलै २०२३ मध्ये त्याचा किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला होता. इतर वेळी हाच माल मातीमोल होऊन शेतकऱ्यांवर तो रस्त्याकडेला ओतून देण्याची वेळ येते. स्वस्ताईत घेतलेले चार-पाच किलो टोमॅटो प्युरी करून गोठविणे ग्राहकाच्या पथ्यावर पडते. मात्र टोमॅटो चवीला आंबट लागला तरी त्याचा पीएच ४.६ च्या अल्याडपल्याड असतो. प्युरी बाटलीत भरून बाहेर ठेवण्याचा प्रयोग लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल घातल्याखेरीज करू नये. फ्रीझर हाच निर्धोक मार्ग.

येथे धोका आहे

बुरा आलेले लोणचे दिसते, आंबलेल्या साखरांब्याला वास येतो. खरा धोका न दिसणारा आहे. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू मातीत असतो आणि त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. हवा नसलेल्या, कमी आंबट आणि ओलसर जागेत ते रुजतात आणि मज्जासंस्था लुळी पाडणारे विष तयार करतात. त्याला रंग नसतो, आणि वास बदलेलच असेही नाही.

म्हणून मटार, मका, फरसबी, गाजर, अळिंबी अशा कमी आंबट भाज्या साध्या पाण्यात उकळून घरी बाटलीबंद करू नयेत. त्यांना सुमारे १२१ अंशांची उष्णता ठरावीक काळ द्यावी लागते. आपला प्रेशर कुकर त्या तापमानाच्या जवळ जात असला, तरी बाटलीच्या मध्यभागी ती उष्णता किती वेळात पोहोचते हे त्यावरून कळत नाही.

लसणाच्या पाकळ्या किंवा ताज्या मिरच्या नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची टूम तर अधिकच घातक. लसूण मातीत वाढणारा, आंबटपणा नसलेला, आणि तेलाने हवाही अडविलेली. असे तेल फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे. टिकवायचेच असल्यास मीठ आणि भरपूर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यांत लोणचे घालावे.

जॅमवर बुरशी दिसल्यास वरचा थर काढून उरलेला खाण्याची सवय सोडावी. बुरशीचे तंतू आणि त्यांची विषारी द्रव्ये खालपर्यंत गेलेली असू शकतात. झाकण फुगले असेल, उघडताना हवा फसफसली असेल किंवा शंका आली असेल, तर चव न घेता पदार्थ टाकून द्यावा.

ओला हात आणि विटाळ

लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू नये, या नियमाला भक्कम आधार आहे. पाण्याचा एक थेंब पडला तरी तेवढ्या जागी खार पातळ होतो आणि बुरशीला पाऊल ठेवायला जागा मिळते. कोरडा डाव, वेगळी छोटी बरणी, तोंडाला बांधलेला दादरा, उन्हात तापविलेली भांडी, या साऱ्या रीतींमागे हाच विचार आहे. तांब्या-पितळेचे बिनकल्हईचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे आंबट पदार्थाला वापरू नये, हेही तितकेच खरे, कारण आम्ल त्या धातूंना खाते.

परंतु पाळीच्या दिवसांत स्त्रीने बरणीला हात लावला तर लोणचे नासते, या समजुतीला कोणताही आधार नाही. बरणीला पाळी कळत नाही, ओलावा कळतो. नियमांमागची कारणे जाणून घेण्याचा हाही एक लाभ आहे. कोणता नियम जपायचा आणि कोणता मोडायचा, हे त्यातून ठरविता येते.

कोणत्या ऋतूत काय साठवावे?

डिसेंबर ते फेब्रुवारी : मटार, आवळा, गाजर, ओली हळद, आंबेहळद, टोमॅटो, स्ट्रॉबेरी.

मार्च-एप्रिल : कोवळ्या कैऱ्या, चिंच, सांडगी मिरची आणि इतर वाळवणे.

एप्रिल-मे : लोणच्याची कैरी, हापूस व पायरीचा रस, रातांबे, फणस, करवंदे.

जून-जुलै : जांभूळ. या काळात वाळवणे टाळावीत, बरण्या तपासाव्यात, फोडी तेलाखाली आहेत ना ते पाहावे.

घरी केलेले पदार्थ विकायचे असतील, तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे. घरच्यासाठी मात्र एक वजनकाटा, कोरडी बरणी आणि थोडे गणित एवढे पुरेसे आहे. हे गणित पूर्वी हाताच्या अंदाजात होते. तो अंदाज पुढच्या पिढीकडे आपोआप येत नाही, पण प्रमाण लिहून ठेवता येते. यंदाची बरणी बांधताना तिच्यावर तारखेसोबत कैरी, मीठ आणि साखर यांचे वजन लिहिलेली चिठ्ठी चिकटविली, तर पुढील वर्षी लोणचे का टिकले किंवा का नासले, याचे उत्तर घरातच सापडेल.